पाठीतला बुडबुडा

तो आवाज मला काही पावलांवरून ऐकू आला. वाळलेली तुऱ्हाटी गुडघ्यावर ठेवून मोडावी तसा: कट्. आणि त्याच्या मागोमाग बारीकसे आणखी दोन.

मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या धूलकोटला, सातपुड्याच्या कुशीत, हिवाळ्यातल्या कबड्डीच्या सामन्यांना गेलो होतो. चुन्याने आखलेलं मैदान, कडेला मोटारसायकलींची रांग, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून ओरडणारी पोरं. सतरा-अठरा वर्षांचा एक चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावताना कमरेत पकडला गेला. पाय एकीकडे आणि धड दुसरीकडे, असा पिळला जाऊन तो पडला आणि उठला तो कंबर धरूनच. त्याला बाजूला खाटेवर आणलं. गर्दीतून एक बाबा पुढे आले, पोराशी हळू आवाजात काहीतरी बोलले, त्याला उभं केलं, चालवलं, परत बसवलं. मग दोन्ही हात मानेमागे गुंफायला सांगितले, मागून त्याच्या काखेतून स्वतःचे हात घातले आणि पाठीला गुडघा टेकवला. "श्वास सोड, बेटा." पोराने श्वास सोडला त्याच क्षणी बाबांनी त्याला उचलून किंचित मागे ओढलं.

कट्. पोराच्या कपाळावरची आठी विरली. त्याने कंबर डावी-उजवीकडे फिरवून पाहिली आणि हसला.

"बसलं हाड," बाबा म्हणाले. भोवतालच्या साऱ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पण परतीच्या वाटेवर ते दोन शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. हाड बसलं, म्हणजे आधी ते उठून कुठे गेलं होतं? आणि तो आवाज नक्की कोणी केला?

हा आवाज मराठी घराला काही परका नाही. आजी नातवाच्या तोंडावरून हात फिरवते आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडते. जितकी मोडतील तितकी दृष्ट उतरली. कुणावर राग असला की त्याच्या नावाने बोटं मोडतात. माया त्याच आवाजात आणि शिव्याशापही त्याच आवाजात. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा शोध सुरू होतो: जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने कमरेला पाय लावला की उसण पळते, असा समज गावोगाव आहे. दाढी झाल्यावर हनुवटी धरून मान दोन्हीकडे मोडून देणारा न्हावी तर आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. तालमीत जोर-बैठका झाल्या की पठ्ठे एकमेकांचं अंग रगडतात, पाठीवर पाय देतात. आणि याच्याही कितीतरी आधी सुश्रुतसंहितेने सांधा निखळण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार वेगळे करून ठेवले. गावातल्या हाडवैद्याच्या मागे एवढी लांब सावली आहे.

अमेरिकेत या कामाला नाव मिळालं ते १८९५च्या सप्टेंबरात. मिसिसिपी नदीकाठच्या डेव्हनपोर्ट गावात डॅनियल डेव्हिड पामर नावाचा गृहस्थ चुंबकीय उपचार करायचा. त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलर्डला नीट ऐकू येत नव्हतं. पामरने त्याच्या पाठीतला एक उंचवटा हाताने दाबला आणि लिलर्डला ऐकू येऊ लागलं, असा त्याचा दावा होता. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या वाटेला ती जातच नाही. त्यामुळे या गोष्टीवर विश्वास ठेवणं कठीण. पण त्यातून एक पेशा उभा राहिला. एका पाद्री मित्राने ग्रीक शब्द जोडून त्याला नाव दिलं: कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने केलेलं काम. १९८०च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकी चमूबरोबर जॉर्ज गुडहार्ट हे कायरोप्रॅक्टर अधिकृतपणे गेले आणि खेळाडूंच्या हंगामात या उपचाराला कायमची जागा मिळाली. आज त्याच्या चित्रफिती सातपुड्यातल्या पोरांच्या मोबाइलवरही असतात. त्या पोरांना हे नाव उच्चारता येत नसेल, पण आवाज लगेच ओळखता येतो.

आता त्या आवाजाच्या आत शिरू.

आपल्या कण्यात ३३ मणके असतात. खालचे जुळून गेलेले सोडले तर हलणारे २४. एकावर एक बसलेल्या दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन छोटे सांधे असतात. कमरेतला असा एक सांधा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. त्याच्या बंद पिशवीत अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत रस असतो, तोही चमचाभर नाही. या रसात वायू विरघळलेला असतो, सोडावॉटरच्या बाटलीत असतो तसाच. सांधा झटक्याने ताणला की दोन पृष्ठभाग एकदम दूर होतात, पिशवीतला दाब कोसळतो आणि रसात पोकळी तयार होते. बुडबुडा! हाड हाडावर आपटत नाही, काही मोडत नाही, काही बसतही नाही. आपण ऐकतो तो थेंबभर रसात जन्मलेल्या बुडबुड्याचा आवाज.

हा आवाज बुडबुडा जन्मताना येतो की फुटताना, यावर शास्त्रज्ञ ७० वर्षांहून अधिक काळ भांडत आहेत. १९४७ साली ब्रिटनमध्ये क्ष-किरणांनी पाहणाऱ्यांनी सांगितलं, जन्मताना. १९७१ साली लीड्समधल्या संशोधकांनी सांगितलं, फुटताना. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात ग्रेगरी कॉचुक यांच्या गटाने एका माणसाच्या बोटांचे सांधे एमआरआय यंत्रात ठेवून दोरीने ओढले आणि चित्रण केलं. एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत सांध्यात काळी पोकळी उघडली आणि आवाजानंतरही ती तशीच राहिली. म्हणजे जन्मताना! तीन वर्षांनी दोघा संशोधकांनी गणित मांडलं की बुडबुडा अर्धवट मिटला तरी तेवढा आवाज होऊ शकतो आणि उरलेला बुडबुडा चित्रात दिसू शकतो. प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि आजीच्या बोटांचा आवाज अजून वादात आहे, हे मला फार आवडतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही आत्ता करून पाहू शकता. बोट मोडा. लगेच तेच बोट परत मोडायला जा, मोडणार नाही. वायू रसात पुन्हा विरघळायला साधारण २० मिनिटं लागतात. आणि बोटं मोडल्याने संधिवात होतो म्हणून दटावणाऱ्यांसाठी: कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनी ६० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्याची मोडली नाहीत. शेवटी दोन्ही हात तपासले. फरक नव्हता, संधिवात कुठेच नव्हता. त्यांना २००९ साली त्यासाठी इग नोबेल मिळालं. एका माणसावरचा प्रयोग म्हणजे अंतिम पुरावा नव्हे, पण ६० वर्षं रोज चालवलेल्या त्या चिकाटीपुढे मी हात जोडतो.

मग हाड? स्वीडनमध्ये १९९८ साली हे नेमकं मोजलं गेलं. कमरेखालचा, माकडहाडाच्या वरचा सांधा 'सरकला' आहे असं हाताने तपासून ठरवलेल्या १० जणांच्या हाडांत बारीक खुणा बसवल्या, सांधा मोडून दिला आणि आधी-नंतरचे क्ष-किरण ताडून पाहिले. तपासणाऱ्याच्या हाताला सांधा 'जागेवर आला' असं वाटलं. क्ष-किरणांत काहीही हललं नव्हतं. २००४ साली कॅनडात आणखी एक मजेदार मोजमाप झालं. अनुभवी कायरोप्रॅक्टर एका ठरावीक मणक्यावर झटका देत होते आणि पाठीवर चिकटवलेली यंत्रं आवाज कुठून येतो ते टिपत होती. कमरेत आवाज ठरवलेल्या जागेपासून सरासरी ५ सेंटिमीटर लांबून येत होता. म्हणजे एखाद-दुसरा मणका सोडून!

इथे कुणी म्हणेल, मग सगळं थोतांडच. नाही. त्या पोराची कंबर मोकळी झाली होती, मी डोळ्यांनी पाहिलं. सुटका खरी असते, तिचं कारण आपण चुकीचं सांगत आलो.

खरं कारण मला तरी हाड बसण्याहून अद्भुत वाटतं. पाठीच्या स्नायूंच्या आत ताण मोजणारे बारीक संवेदक असतात. झटका साधारण १५० मिलिसेकंदांत, पापणी लवायच्या आत, होऊन जातो; तेवढ्यात हे संवेदक एकदम कण्यातल्या मज्जारज्जूकडे खबर पाठवतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असतं, आणि स्पर्शाच्या, ताणाच्या खबरा भरपूर आल्या की ते फाटक वेदनेसाठी काही वेळ मिटतं. मूल पडलं की आई आधी गुडघा चोळते ते याचसाठी, तिला मेलझॅक ठाऊक नसले तरी. कमरेला इजा झाल्यावर भोवतालचे स्नायू तिला जपायला घट्ट धरून बसतात; त्या धरण्याचंच पुन्हा दुखणं होतं. झटका या धरलेल्या मुठीला थोडा वेळ सैल करतो. थोडा वेळ, हे लक्षात ठेवायचं. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ४७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या: जुनाट कंबरदुखीत असे झटके व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकेच उपयोगी ठरले. त्यांच्याहून वरचढ नाहीत, कमीही नाहीत. पण पाठ मोडून घेतल्याने चढाईला बळ येतं किंवा चेंडूचा वेग वाढतो, असं कुणी सांगितलं तर त्याला भक्कम पुरावा नाही.

स्नायूंनी पाठ धरणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. ३१ जानेवारी १९९९, चेन्नईचं चेपॉक. पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचं लक्ष्य, ८२ वर पाच बाद, आणि सचिन तेंडुलकरच्या पाठीत उसणीवर उसण. प्रत्येक फटक्यानंतर वाकलेला तो आपल्याला अजून दिसतो. त्याने १३६ काढले, १७ धावा उरल्या असताना तो बाद झाला आणि सामना १२ धावांनी गेला. त्या दिवशी कण्याभोवतीच्या स्नायूंच्या दोन पट्ट्यांनी धरलेली मूठ सुटली असती तर, असं मी आजही मनाशी म्हणतो.

कबड्डी तर या पाठीची कसोटीच घेते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवली, तेव्हापासून खेळाचे नियम पुष्कळ बदलले. कमरेतली पकड तीच राहिली. धावत्या शरीराचा खालचा भाग थांबतो, वरचा फिरत राहतो. कुस्तीत हेच घडतं. जत्रांच्या हंगामात एखाद्या पैलवानाला आठवड्यात दोन-दोन मैदानं असतात आणि मधल्या दिवसांत मेहनत चालूच.

इथे मणक्यांमधल्या चकत्यांचं बोलायला हवं. चकतीचा गाभा जेलीसारखा, त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कडी. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. ती दिवसभर दाबली जाऊन पाणी सोडते, रात्री आडवं झाल्यावर पाणी शोषून फुगते, आणि या येण्याजाण्यातूनच तिला अन्न मिळतं. म्हणून आपण सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे दीड-दोन सेंटिमीटर उंच असतो आणि उठल्यावर पहिल्या तासातच त्यातली निम्म्याहून अधिक उंची ओसरते. अंतराळवीर तर तिकडे ५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात.

फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. आता तालमीचं वेळापत्रक आठवा. पहाटे चारला उठायचं आणि पहिलं काम काय, तर फावडं घेऊन हौद्यातली लाल माती उकरायची. ताक, तेल, हळद मुरलेली ती जड माती, पाठ वाकवून. अमेरिकेत स्टोव्हर स्नूक यांनी १९९८ साली जुनाट कंबरदुखीच्या लोकांना एवढंच सांगितलं होतं की सकाळी उठल्यावर पहिले काही तास कमरेत वाकू नका, आणि तेवढ्याने दुखणं कमी झालं. वस्तादांच्या शिस्तीला माझा नमस्कारच आहे. पण उठल्यावर अर्धा-पाऊण तास चालून, अंग हलवून मग फावडं हातात घेतलं तर तालमीचं काही बिघडणार नाही आणि पोरांच्या कमरा वाचतील, असं मला कळकळीने वाटतं.

१९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथे एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या चकतीत दाब मोजणारा संवेदकच बसवून ठेवला होता. नुसतं उभं राहिलं तर दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून थोडा जास्त. पाठ गोल वाकवून २० किलो उचलले तर टायरच्या दसपट. तेच वजन गुडघ्यात वाकून उचललं तर त्याच्या सुमारे पाऊणपट, आणि अंगाशी धरून ठेवलं तर निम्म्यावर. २० किलो म्हणजे किती? बुऱ्हाणपूरच्या केळीपट्ट्यात हे सांगायला तराजू लागत नाही: एक चांगला भरलेला घड. संध्याकाळी कबड्डी खेळणारी कितीतरी पोरं दिवसा असे घड बागेतून गाडीपर्यंत वाहतात. शहरातल्या खेळाडूचा प्रशिक्षक सरावाचा भार वहीत मांडतो. इथल्या पोराचा निम्मा भार मजुरीत असतो आणि तो कुणी मांडत नाही. चकतीला मात्र घड आणि पकड यांतला फरक कळत नाही, ती दोन्हींची बेरीज करते. सामन्याच्या आदल्या दिवशी ओझं टाळणं, पाणी पिणं आणि पोटभर झोप, ही कुठल्याही झटक्याहून मोठी सेवा आहे, आणि गरीब घरातल्या पोराला तीच सगळ्यांत महाग पडते.

आता भीतीची जागा. मानेचे मणके बाजूला पोखरलेले असतात, आणि त्या भोकांच्या रांगेतून मेंदूकडे जाणारी एक रक्तवाहिनी दोन्ही बाजूंनी वर चढते. सगळ्यांत वरच्या मणक्याशी ती वळसा घेते. मान झटक्यात पिळली तर क्वचित तिचं अस्तर फाटतं, गुठळी होते, आणि धट्टाकट्टा तरुण पक्षाघाताने पडतो. १९९३ साली अमेरिकेत पार्लरमध्ये केस धुताना मान मागे टाकून बसलेल्या पाच स्त्रियांना असा त्रास झाल्याची नोंद झाली. हे विरळा घडतं. पण दाढीनंतरची ती फुकटची कडकड मी सोडली आणि ओळखीच्या प्रत्येकाला सोडायला सांगतो.

वेगवान गोलंदाजाची कंबर वेगळी. पुढचा पाय आपटताना शरीराच्या कितीतरी पट जोर वर येतो, धड त्याच वेळी वाकतं आणि पिळतं, आणि मणक्याच्या मागच्या चिंचोळ्या कडीला बारीक भेग पडते. जसप्रीत बुमराला २०१९ मध्ये अशीच भेग सापडली आणि २०२३ मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया झाली. वाढत्या वयाच्या मुलाला मागे वाकलं की कमरेच्या एकाच बाजूला दुखत असेल आणि आठवड्यांमागून आठवडे जाऊनही थांबत नसेल, तर तिथे झटका नको, विश्रांती आणि तपासणी हवी.

आणि सातपुड्याची म्हणून एक गोष्ट आहे, जी परदेशी पुस्तकं वाचून ध्यानात येणार नाही. इथल्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचा आजार आहे. रक्तातल्या गोल, लवचीक पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. ऊन, तहान, थंडी, दमणूक यांनी हे वाढतं आणि मग पाठीत, हातापायांच्या हाडांत असह्य कळा येतात. सामना खेळून आलेल्या पोराची पाठ दुखते, सगळे म्हणतात लचक भरली, आणि दुखणं असतं रक्तात. याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. रक्ताच्या थेंबावरून तपासणी होते. मणक्याचा क्षयही असाच लपून बसतो: संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन, रात्री न थांबणारी पाठदुखी. पोखरलेल्या मणक्यावर गुडघा टेकवून झटका दिला तर काय होईल, हे लिहितानाही हात थांबतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी तो प्रसंग मनात पुन्हा पहिल्यापासून चालवून पाहिला. सगळ्यांचं लक्ष आवाजाकडे होतं, माझंही. पण त्याआधी बाबा पोराशी हळू आवाजात काय बोलले होते? मी तर जवळच पोचत होतो, अर्धं कानावर पडलं होतं. पायात मुंग्या येतात का. लघवी नीट झाली का सकाळी. रात्री ताप येतो का. मग त्यांनी त्याला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. पायाची ताकद तपासायला दवाखान्यातले डॉक्टरही हेच करतात. मग मणक्यांवरून अंगठा एकेक करत खाली उतरवला, सावकाश, आणि शेवटीच हात काखेत घातले.

पोरगा त्या दिवशी पुढचा सामना खेळला नाही. बाबांनीच खेळू दिलं नाही. त्याच खाटेवर नंतर दुसरा एकजण येऊन बसला, मान वाकडी धरून. "बाबा, एक झटका द्या ना."

बाबांनी त्याच्या मानेकडे नुसतं पाहिलं, गमछ्याने हात पुसले. "मानेला मी हात लावत नाही," ते म्हणाले. "बुऱ्हाणपूरला दाखवून ये."